गाडी बघायला दुपारी चारला जा: भाड्याची पॉवर व्हीलचेअर किंवा स्कूटर निवडताना

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार आहे. सकाळी दहाला मी काठी टेकत घरभर फिरते आणि दुपारी चारला त्याच घरात बेसिनपर्यंत पोचणं होत नाही. पहिली मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची, बॅटरीवरची तीन किंवा चार चाकी गाडी) मी पसंत केली ती सकाळी अकराला, चांगली विश्रांती झालेली असताना. पाच महिन्यांत ती बदलायची वेळ आली. म्हणून आधी हे सांगते: गाडी बघायला जायचं ते दिवसातल्या तुमच्या सगळ्यात थकलेल्या वेळी.

स्कूटर घ्यायची की पॉवर व्हीलचेअर, म्हणजे बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची, हे लोक पायांकडे बघून ठरवतात. ठरवायचं असतं हात आणि पाठ बघून. स्कूटरचं हँडल दोन्ही हात पुढे करून धरावं लागतं, सीटवर आपलं आपण चढता-उतरता यावं लागतं आणि तोल सांभाळून ताठ बसावं लागतं. वेगाचा खटका अंगठ्याने किंवा बोटांनी दाबून धरायचा. सोडला की गाडी थांबते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण पंधराएक मिनिटांनी माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या, मग तो खटक्यावर आहे की नाही हेच कळेनासं व्हायचं आणि गाडी रस्ता ओलांडताना मधेच थांबायची. शोरूममधल्या तीन मिनिटांच्या फेरीत हे कळणं शक्यच नव्हतं. निदान अर्धा तास चालवून बघा. घरी आणून दाखवत असतील तर उत्तमच.

घरात चालता येतं, फक्त बाहेर दमायला होतं, हात-खांदे धड आहेत, अशा माणसाला स्कूटर छान. तीन चाकी कमी जागेत वळते, पण उतारावर वेगात वळवली तर कलंडू शकते. चार चाकी जास्त स्थिर, मात्र वळायला जागा जास्त खाते.

पॉवर व्हीलचेअर जॉयस्टिकवर, एका हाताच्या हलक्या दाबाने चालते. हातात तेवढीही ताकद नसेल तर हनुवटीने किंवा डोक्याने चालवायची सोय असलेल्या खुर्च्या आहेत. ज्यांना दिवसभर बसावं लागतं आणि स्वतःहून अंग हलवता येत नाही, त्यांनी आख्खी सीट मागे कलणारी खुर्चीच मागावी. त्याने बुडावरचा भार पाठीवर जातो आणि बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, टाळायला मदत होते. सोबत चांगली उशीही हवी. इथे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून साधनं आणि पद्धती सुचवणाऱ्या तज्ज्ञाला) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरात जास्त वापर असेल तर मधल्या चाकांवर चालणारी खुर्ची घ्या. ती जवळजवळ जागच्या जागी वळते.

मग टेप घ्या. दाराची चौकट मोजू नका. दार उघडून मधे उरलेली मोकळी जागा मोजा, कारण दाराची फळीच चार-पाच सेंटिमीटर अडवते. पॅसेज जिथे वळतो तिथली रुंदी घ्या, उंबरठ्याची उंची घ्या. बसल्यावर मांड्या जिथे सर्वात रुंद, त्यापेक्षा सीट दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी. सीटची पुढून मागची लांबी इतकी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहतील. हे सगळं मी नीट मोजलं आणि टेबल मोजायचं विसरले. खुर्ची आत घेतली की जॉयस्टिक टेबलाच्या कडेला आपटायची आणि ताट हातभर लांब राहायचं. जॉयस्टिक बाजूला सरकवता येईल असा जोड नंतर बसवून घेतला, तेव्हा कुठे घरच्यांबरोबर टेबलाशी बसून जेवता आलं.

रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण धरा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर रॅम्प ३.६ मीटर लांब लागतो. एवढी जागा आहे का, हे गाडी यायच्या आधी बघा. माहितीपत्रकात एका चार्जिंगवर जेवढं अंतर लिहिलेलं असतं, त्याच्या मी निम्मंच धरते. चढ, वजन आणि जुनी होत चाललेली बॅटरी यांत बाकीचं जातं.

आता करार. माझा पहिला करार वर्षाचा होता आणि गाडी बदलून द्यायचं कलम त्यात नव्हतं. स्कूटर परत नेली, तरी उरलेल्या सात महिन्यांचं भाडं मला भरावं लागलं. वाढत जाणारा आजार असेल तर ‘प्रकृतीत फरक पडल्यास दुसऱ्या प्रकारची गाडी बदलून मिळेल’ हे वाक्य लेखी घ्याच. तोंडी आश्वासनावर सही करू नका. रुग्णालयात राहावं लागलं तर भाडं थांबतं का? वापरणारी व्यक्ती गेली तर करार संपतो का? विचारायला जड जातं, पण मी विचारते, कारण ते ओझं नंतर घरच्यांवर येतं.

बॅटरी कोण बदलून देणार, हेही लिहून घ्या. ‘सर्व्हिस मोफत’ या दोन शब्दांत बॅटरी आणि टायर बहुतेक वेळा नसतात. बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत येणार आणि तोवर बदली खुर्ची मिळणार का, हे मला भाड्याच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. माझी खुर्ची बंद म्हणजे मी पलंगावर. वापरलेली गाडी देत असतील तर हरकत नाही, फक्त बॅटरी कधी बसवली ती तारीख विचारा. पूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामत यांची बेरीज नव्या गाडीच्या किमतीशेजारी मांडून बघा. हाड मोडलंय किंवा ऑपरेशन झालंय, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, तर मुदतीच्या करारात न अडकता महिन्याच्या भाड्यावर घ्या.

गाडी दारात आली की आणणाऱ्यासमोरच प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. लेड-अॅसिड बॅटरी असेल तर वापर झाला की रोज रात्री चार्जिंगला लावा. उतरलेली तशीच ठेवली तर ती लवकर खराब होते. आणि मोटरची पकड सोडवणारा खटका कुठे आहे, तो घरातल्या एकाला दाखवून ठेवा. बंद पडलेली खुर्ची तो सोडवल्यावरच ढकलता येते. मात्र तो सोडवला की ब्रेकही सुटतो, म्हणून उतारावर दोघांनी धरल्याशिवाय त्याला हात लावू नका.