कळण्याची भाकरी, हिरड्या आणि शौचाची चाचणी: मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत अडवण्यासाठी

शौचाला रक्त दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘मूळव्याध’. मग तिखट बंद, ताक सुरू, कुणीतरी सांगितलेली पुडी, आणि यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरं. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही याच नावाखाली लपून वाढतो. म्हणून तो कुठे अडवता येतो ते नीट समजून घ्यायला हवं.

मोठ्या आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. त्यावर चिकट श्लेष्माचे दोन पदर. वरच्या पदरात जिवाणू राहतात, पेशींना लागून असलेल्या पदरात ते जवळजवळ नसतातच. दोघांचं बोलणं चालतं ते या पदरांतून झिरपणाऱ्या रसायनांनी. धान्याचा कोंडा, डाळींची सालं आपल्याला पचत नाहीत. जिवाणू ती आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं रसायन तयार करतात. आतड्याच्या पेशी सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. कॅन्सरच्या वाटेवरची पेशी मात्र साखरेवर जगते. तिच्यात ब्युटिरेट जळत नाही, साचत जातं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू-बंद करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवतं. मग तिची वाढ मंदावते.

कोंडा मिळेनासा झाला की जिवाणू श्लेष्मावर ताव मारू लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. पदर विरला की नको ते जिवाणू पेशीला भिडतात. ई. कोलाय या जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना टाचून टाकतं. त्याची खूण माणसांच्या गाठींतल्या डीएनएत सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तर मूळचा तोंडातला, दातांवरच्या किटणात राहणारा. तो पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन पकडतो आणि त्यातून पेशीला ‘वाढ’ असा निरोप जातो. दुसऱ्या एका प्रथिनाने तो रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक दाबतो, म्हणजे गाठीवर हल्लाच होत नाही. यकृतात पसरलेल्या गाठींतही तो सापडला आहे.

हे वाचून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल हे जिवाणू मारणारं अँटिबायोटिक आणून खाऊ नका. उंदरांत रुजवलेल्या माणसाच्या गाठी या औषधाने मंदावल्या होत्या, तेवढ्यावरून ते उपचार ठरत नाही. शिवाय अँटिबायोटिक ब्युटिरेट बनवणारे जिवाणूही मारतं.

ताटापासून सुरुवात करा. खान्देशात यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. 1 किलो दादर ज्वारीला 250 ग्रॅम अख्खे उडीद, सालासकट, चवीला मीठ घालून दळून आणा. ही आपली कळण्याची भाकरी, अहिराणीतली कयनानी भाकर. याच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 12 ग्रॅम तंतू (फायबर) असतात. तेवढ्याच मैद्यात 3 ग्रॅमही नाहीत. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकलात तर कष्ट वाया गेले. दिवसाचं लक्ष्य किमान 25 ते 30 ग्रॅम तंतूंचं ठेवा. दोन भाकऱ्यांनी निम्मं होतं, उरलेलं मटकी, पालेभाजी, पेरू यांनी.

चूक होते ती घाईत. पाव-बिस्किटांवरून एकदम कळण्यावर आलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. जिवाणूंची संख्या नव्या अन्नाला जुळायला वेळ लागतो. दर आठवड्याला 5 ग्रॅमच वाढवा, कडधान्य 8 ते 10 तास भिजवून ते पाणी फेका आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर कोंड्यानेच मलावरोध होतो. शेवभाजीची तर्री पंधरा दिवसांतून एकदा खाल्ली तर बिघडत नाही. रोज तेल जास्त झालं की पित्त जास्त सुटतं, आणि जिवाणू त्यापासून डिऑक्सिकोलिक आम्ल बनवतात, जे पेशींना इजा करतं.

दात घासताना रक्त येत असेल तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मिसरी सोडा, दोन वेळा ब्रशने घासा, दंतवैद्याकडून किटण काढून घ्या. काही रुग्णांच्या लाळेतली आणि गाठीतली फ्युझोबॅक्टेरियमची जात एकच निघाली आहे.

आता चाचणी. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे 45 नंतर स्वतःच डॉक्टरांना विचारा. वडील, आई, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून पाहणं.

बाकीच्यांनी लॅबमध्ये फिट (FIT) चाचणी मागा, शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. ती फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, म्हणून आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी चालतं. जुन्या ग्वायॅक पद्धतीत मटण आणि मुळा यांनीही खोटा होकार येतो. भांड्यात कोरडा कागद टाकून त्यावर शौच घ्या, पाणी-लघवी लागू देऊ नका. नमुन्याच्या नळीतली काडी चार-पाच ठिकाणी फिरवा, तिच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त भरलं तर मोजमाप चुकतं. पाळीत किंवा मूळव्याधीचं रक्त वाहत असताना नमुना घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत ती नळी गाडीच्या डिकीत राहिली तर हिमोग्लोबिन मोडतं आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. सकाळीच घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या पिशवीसोबत न्या.

रक्त डोळ्यांना दिसतंय, तीन आठवड्यांहून जास्त शौचाची सवय बदलली आहे, वजन उतरतंय, किंवा पुरुषाचं वा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालंय, तर फिटवर थांबू नका.

कोलोनोस्कोपीच्या तयारीत एरवीचं सगळं उलटं. तीन दिवस आधी भाकरी, मेथी, टोमॅटो, पेरू, तीळ बंद. भरीत तर नकोच. वांग्याच्या बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात आणि पाणी ओढणंच थांबतं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही चालतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टर सांगतील तसं. जुलाबाची पावडर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात विरघळवून निम्मी आदल्या संध्याकाळी, निम्मी तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घ्या. शेवटचं शौच लघवीसारखं पिवळं, स्वच्छ आलं पाहिजे. गढूळ असेल तर तिथल्या नर्सना सांगा, लाज धरू नका. गढूळ पाण्याखाली छोटी गाठ दिसत नाही. गाठ सापडली तर बहुधा त्याच वेळी काढतात. तिचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घ्या आणि पुढची दुर्बीण किती वर्षांनी, ते त्यावरच लिहून मागा.