लॅपटॉप आवरायला बसताय? आधी या चुका टाळा

लॅपटॉप स्लो झाला की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मार. बेळगाव असू दे, खानापूर असू दे नाहीतर निपाणी, दुकानात तेच सांगतात आणि शेजारचं इंजिनिअरिंगचं पोरगंही तेच सांगतंय. नाहीतर मग व्हिडिओ लावायचा आणि तो माणूस जे जे उडवतोय ते आपणही उडवायचं. आता त्या माणसाला इंग्लिश सोडून काही लागत नाही, आपल्याला मराठी लागते, कन्नड लागते, फॉर्म भरायला इंग्लिश लागते, मग त्याचं सेटिंग आपल्याला कसं चालणार?

सगळ्यात जास्त घोळ फाँटमध्ये होतोय. फाँटच्या फोल्डरात नुडी, श्री-लिपी असली जुन्या कन्नड-मराठी फाँटची नावं दिसली की जुना कचरा समजून डिलीट करतात. मग पंचायतीतून आलेलं जुनं कन्नड पत्र नाहीतर मंडळाची दहा वर्षांपूर्वीची मराठी पत्रिका उघडली की सगळी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं दिसायला लागतात, आणि माणूस म्हणतोय फाइल करप्ट झाली. फाइलला काही झालेलं नसतंय हो. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं एकसारखी अक्षरं दिसायच्या आताच्या पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीनं टाइप केलेली असते, तोच फाँट परत टाकला की जशीच्या तशी दिसते. म्हणून हे फाँट राहू द्या, जागा कितीशी खातात ते? नवीन काही लिहायचं असेल तर मात्र युनिकोडमध्येच लिहा.

भाषा ॲड करतानाची चूक तर घरोघरी. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथं ॲड करायला मराठी निवडली की खाली डिस्प्ले लँग्वेज करायची का असा एक टिक असतो. घाईत तो टिक पडला की साइन आऊट करून परत आल्यावर मेनूच बदललेला, आणि कन्नडबाबतीत असं झालं आणि वाचता येत नसेल तर परत यायची वाट सापडत नाही. आपल्याला फक्त कीबोर्ड पाहिजे, तेवढाच घ्या. मराठीच्या पुढच्या तीन टिंबांवर जाऊन लँग्वेज ऑप्शन्समध्ये मराठी फोनेटिक (इंग्लिश अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं तो कीबोर्ड) टाका, कन्नडचंही तसंच. हे कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहेत, वेगळं सॉफ्टवेअर डाउनलोड करत बसायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. लॉगिनच्या स्क्रीनवर पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतंय? तिथला कीबोर्ड मराठीवर अडकलाय का ते आधी बघा, तिथंही हेच दोन बटण चालतात.

वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीचं, एक लक्षात ठेवा. फुकटात ५ जीबीच मिळते आणि बऱ्याच नवीन लॅपटॉपात डेस्कटॉपच्या फाइली आपसूक तिकडं जातात. जागा भरली म्हणून ब्राउझरमधून तिथल्या फाइली उडवल्या की लॅपटॉपवरूनही जातात, मग उताऱ्याची पीडीएफ आणि पोरांची मार्कशीट शोधत बसा. आधी वनड्राइव्हचा बॅकअप बंद करा, फाइली साध्या फोल्डरात हलवा, मग काय ते साफ करा. चुकून उडालंच तर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असतंय.

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, दोन-दोन अँटीव्हायरस, यातलं काहीच नको. स्पीड पाहिजे तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअप ॲप्समध्ये जे चालू होताना लागत नाही ते डिसेबल करा, अनइन्स्टॉल नव्हे. त्या यादीतल्या टचपॅड, साउंडला मात्र हात लावू नका. एसएसडीला, म्हणजे नव्या वेगवान डिस्कला, जुन्या डिस्कसारखं डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) करत बसू नका, तिची देखभाल विंडोज स्वतः करतंय. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, नुसत्या साफसफाईनं तो प्रश्न सुटत नाही. थीम, वॉलपेपर काय पाहिजे ते लावा, फक्त कुठल्यातरी साइटवरची फुकट थीमची एक्झी फाइल चालवू नका.

आणि एवढं करून फॉरमॅट किंवा बायोसचं (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगचं) काही करायचंच ठरलं, तर दुकानात देण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची, रिकव्हरी की आहे का बघा, ४८ आकडी असते, कागदावर उतरवून ठेवा. ती मागितल्यावर नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही, आतलं सगळं आतच राहतंय.