जुन्या एंटरप्राइझ डिस्क घेताय? या चुका टाळा

डेटा सेंटरमधून निघालेली डिस्क घरच्या सर्व्हरला उत्तम चालते. पैसे वाया जातात ते बहुधा घाईने घेतल्यामुळे किंवा घाईने वापरायला काढल्यामुळे.

स्वस्त दिसली म्हणून सॅस (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीची) डिस्क उचलू नका. ती साध्या मदरबोर्डच्या साटा (घरगुती संगणकांतली नेहमीची डिस्क-जोडणी) पोर्टला बसतच नाही, वेगळं एचबीए कार्ड (सॅस डिस्क जोडायचं कार्ड) लागतं. उलट साटा डिस्क मात्र सॅस कार्डावर चालते.

डिस्क लावली आणि फिरतच नाही? लगेच मेली म्हणून परत पाठवू नका. बऱ्याच नव्या एंटरप्राइझ साटा डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरलेली असते. घरगुती पॉवर सप्लाय त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत असेल, तर डिस्क जागी होत नाही. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणाऱ्या टेपची) बारीक पट्टी लावली की झालं. मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) अडॅप्टरनेही काम होतं, पण एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेला स्वस्त अडॅप्टर नको. असे अडॅप्टर जळाल्याची उदाहरणं आहेत.

सॅस डिस्क दिसते, पण आकार शून्य? सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) बहुधा ५२० बाइटचे असणार. एसजी-फॉरमॅट (sg_format) या प्रोग्रामने ते ५१२ चे करता येतात. कित्येक तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून यूपीएस असू द्या.

आता सर्वांत मोठी चूक: फक्त चाललेले तास बघणं. ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं, ती मला खटकत नाहीत. खटकतात ते पेंडिंग (नीट वाचता न आलेले) आणि खराब निघाल्याने बदललेले रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर. पेंडिंग शून्यच हवेत. शिवाय तासांचा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, ते फार्म लॉगमुळे (सीगेट डिस्कमधली वेगळी नोंद). स्मार्टमध्ये (डिस्कच्या नेहमीच्या आरोग्य-नोंदीत) तास शून्य होते, फार्ममध्ये हजारो! स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून हा लॉग वाचता येतो. सीगेटची डिस्क असेल तर तो वाचाच.

सीआरसी एरर (डेटा केबलवरून जाताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर आधी केबल बदला, डिस्कला दोष देऊ नका.

आणि चाचणीआधी डेटा टाकू नका. आधी लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण चाचणी), मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रामने पूर्ण लिहून-वाचून तपासणी. ती डिस्कवरचं सगळं पुसते. १२ टीबीच्या डिस्कला लिहून बघायचे चारही पॅटर्न मिळून पाच-सहा दिवस सहज लागतात. त्यानंतर पेंडिंग आणि रीअ‍ॅलोकेटेडचे आकडे पुन्हा बघा. वाढले असतील तर डिस्क परत करा. परतीची मुदत मोजकी असते, तेव्हा पार्सल आलं त्याच दिवशी टेस्ट सुरू करा.