सामान आत जाण्याआधीचा एक तास

मुंबईत घर बदलायचं म्हटलं की आधी टेम्पो ठरतो, मग हमाल, मग खोकी. मीटर, गॅसचा व्हॉल्व्ह आणि पाण्याची वेळ आठवते ती सामान आत येऊन पडल्यावर. तोवर मेन स्विचसमोर कपाट उभं राहिलेलं असतं आणि सिंकखालची गळती खोक्यांमागे गेलेली असते. म्हणून चावी हातात आली की टेम्पो यायच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी सकाळी, रिकाम्या घरात तासभर काढा. सोबत मोबाइल, टेस्टर, दहा लिटरची बादली, वाटीभर साबणाचं पाणी, थोडी नीळ आणि मोजपट्टी घ्या.

मीटर तुमचाच आहे ना?

वीज कुणाची ते आधी शेवटच्या बिलावर बघा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, वांद्र्यापासून पुढच्या पश्चिम उपनगरांत आणि कुर्ला-चेंबूर-घाटकोपर पट्ट्यात मुख्यतः अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, आणि टाटा पॉवरचे ग्राहक शहरात आणि उपनगरात दोन्हीकडे. उपनगरात तार अदानीची आणि बिल टाटाचं असंही असतं, त्यामुळे इमारतीतल्या शेजाऱ्याला विचारून अंदाज बांधू नका. बिलावर ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि थकबाकीची ओळ, या तीन गोष्टी बघायच्या. थकबाकी जागेला चिकटते. वीज तुटली तर कंपनी आधीच्या माणसाला शोधत बसत नाही.

मग खाली मीटर रूममध्ये जा. जुन्या इमारतींत मीटरवर खडूने किंवा मार्करने लिहिलेले फ्लॅट नंबर बऱ्याचदा चुकलेले असतात. वायरिंग कधीतरी बदललेलं असतं, आकडे जुनेच राहतात. खात्री करायची रीत सोपी आहे. एकाने घरात मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली मीटरवर नजर ठेवायची. घरात काही चालू असलं की मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मेन पडला की तो थांबला पाहिजे. तुमचा लुकलुकत राहिला आणि शेजारचा थांबला, तर तुम्ही दुसऱ्याचं बिल भरणार आहात. दोन्ही फ्लॅटची बिलं जोडून कंपनीकडे लेखी अर्ज करा. सील असलेल्या मीटरला वायरमनला हात लावू देऊ नका. मेन बंद असताना तुमचाच दिवा सावकाश लुकलुकत असेल, तर मेनच्या आधी कुठेतरी लाइनला फाटा फुटला आहे. जिन्यातला दिवा किंवा एखाद्या शेजाऱ्याचा पंप तुमच्या मीटरवर निघतो तो असा.

मीटर जोरात पळतो अशी शंका असेल तर त्या दिव्याशेजारी छापलेला आकडा बघा. तिथे ३२०० असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त २००० वॉटचा, पाण्याने भरलेला गीझर चालू करा. मिनिटाला सुमारे १०७ वेळा, म्हणजे १५ सेकंदांत २६-२७ वेळा दिवा लागायला हवा. डोळ्यांनी मोजता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून संथ गतीने बघा. व्होल्टेज कमी असेल तर आकडा थोडा कमी भरेल. १५ सेकंदांत तीस-पस्तीस भरला तर मात्र तक्रारीला अर्थ आहे.

वर आल्यावर एमसीबीचा, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचांचा, बॉक्स उघडा. ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असलेला रुंद स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे का ते बघा. बटण दाबल्यावर तो खटकन पडला पाहिजे. गळतीचा करंट ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला की लाइन तोडणारा हाच. चाळींत आणि जुन्या इमारतींत अजून किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे तार घालायचे, फ्यूज दिसतात. तिथे गीझर लावायच्या आधी वायरमनकडून आरसीसीबी बसवून घ्या आणि खर्च मालकाशी आधी बोला. दीड टनाचा एसी आणि गीझर यांना १६ अँपिअरचा सॉकेट आणि शक्यतो आपापली स्वतंत्र लाइन लागते. सहा अँपिअरच्या प्लगवर ॲडॉप्टर लावून गीझर चालवला की प्लग आधी पिवळा पडतो, मग वितळतो.

शेवटी मीटरचा फोटो काढा. मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत आले पाहिजेत. तो त्याच मिनिटाला मालकाला पाठवा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. भाड्याने राहणार असाल तर मीटर मालकाच्याच नावावर राहू द्या. घर विकत घेतलं असेल तर नाव बदलायचा अर्ज महिनाभरात टाका. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं पत्र हाताशी ठेवा.

पाणी

महापालिकेचं पाणी प्रत्येक विभागाला ठरावीक वेळेला येतं, सोसायटीच्या खालच्या टाकीत साठतं, पंपाने वर चढतं आणि मग तुमच्या नळाला. त्यामुळे ‘पाणी चोवीस तास’ या वाक्यात जीव नाही. विचारायचं ते असं: वरची टाकी दिवसातून किती वेळा भरता, घरांना किती वेळ सोडता, उन्हाळ्यात टँकर येतो का, फ्लशला बोअरचं पाणी आहे का. वॉचमनकडून मिळणारं उत्तर दलालाच्या उत्तरापेक्षा खरं असतं. धरणांत साठा कमी झाला की मे-जूनमध्ये कपात लागते, हे धरूनच चाला. लहान घर असेल तर दोनेकशे लिटरचं पिंप ठेवायला जागा आहे का, तेही बघा.

स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली ठेवून वेळ लावा. दहा लिटरला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर वॉशिंग मशीन पाणी घेताना अडेल आणि शॉवरच्या नुसत्या धारा पडतील. सर्वात वरच्या मजल्यावर हे हमखास होतं, कारण टाकी डोक्यावर जेमतेम आठ-दहा फुटांवर असते. प्रेशर पंप बसवता येतो, पण सोसायटीला विचारल्याशिवाय नको. आणि फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ टाकून वीस मिनिटं हात लावू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं की आतलं वॉशर गेलंय. शंभर-दोनशे रुपयांच्या या वॉशरपायी वरची टाकी रात्रभर रिकामी होत असते.

पालिकेचं पाणी तलावांचं, म्हणून त्यात क्षार कमी. अशा ठिकाणी क्षार काढणाऱ्या आरओची गरज नसते, जंतू मारणारा यूव्हीवाला प्युरिफायर पुरतो. आरओ उलट बरंच पाणी मोरीत सोडून देतो. टँकर किंवा बोअर असलेल्या इमारतीत हिशेब वेगळा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. नळाचं पाणी मोजा आणि मगच प्युरिफायर घ्या.

गॅस

पाइप गॅस असेल तर महानगर गॅसचं बिल मागून घ्या. त्यावरचा बीपी क्रमांक लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तक्रार त्याच आकड्यावर होते. गॅस मीटरचं रीडिंग घनमीटरमध्ये असतं. काळे अंक वाचायचे, लाल अंक दशांशाचे, ते सोडून द्यायचे.

सगळ्यात जास्त चुकतं ते शेगडीत. सिलेंडरवर चालणारी शेगडी पाइप गॅसला तशीच जोडायची नसते. सिलेंडरच्या गॅसचा दाब सुमारे ३० मिलिबार, पाइप गॅसचा २१. शिवाय तेवढ्याच आकारमानात सिलेंडरच्या गॅसमध्ये उष्णता सुमारे अडीच पट. म्हणून पाइप गॅसच्या शेगडीत गॅस सोडणाऱ्या जेटचं भोक मोठं असतं. सिलेंडरचा जेट तसाच राहिला तर ज्योत मरतुकडी लागते, कुकरची शिट्टी होत नाही. उलट केलं, म्हणजे पाइप गॅसचा जेट सिलेंडरवर लावला, तर ज्योत पिवळी आणि उंच होते, भांडी काळी पडतात आणि ते धोक्याचं आहे. जेट कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या आणि जुने जेट चिकटपट्टीने वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या घरी लागले की मिळत नाहीत.

जोडणी झाल्यावर नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर गळती. काडी पेटवून बघू नका. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झालेली नळी बदला. वास आला तर स्विच चालू किंवा बंद करू नका, खिडक्या उघडा, व्हॉल्व्ह बंद करा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइप गॅस हलका, छताकडे जातो. त्यामुळे सिलेंडरच्या बाबतीत वास उभ्या माणसाला उशिरा येतो. सिलेंडरच्या गॅसच्या (एलपीजी) गळतीची हेल्पलाइन १९०६, तो आकडा फ्रिजवर लिहून ठेवा.

सिलेंडरच राहणार असेल तर शहरातल्या शहरात वितरक बदलताना बहुधा सिलेंडर आणि रेग्युलेटर परत द्यावे लागत नाहीत, पत्त्यानुसार कनेक्शन नव्या वितरकाकडे जातं. दुसऱ्या शहरात जात असाल तर दोन्ही जमा करून अनामत आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या. नव्या गावी तोच कागद मागतात. सिलेंडर टेम्पोत उभाच न्या, टोपी लावून. त्यासाठी ती टोपी आधी टाकून दिलेली नको.

एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन

एसी काढताना मेकॅनिक गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतो. मशीन थंड मोडवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा, साधारण मिनिटभराने जाड पाइपचा, आणि लगेच एसी बंद. हे नीट झालं आणि पाइपची लांबी फार वाढली नाही, तर नव्या घरी गॅस भरावा लागत नाही. कोपऱ्यात उभा राहून ‘गॅस उडालाय, भरावा लागेल’ म्हणणाऱ्याला आधी दाब मोजून दाखवायला सांगा. नव्या जागी पाइपची टोकं नव्याने कापून फ्लेअर केली, म्हणजे भोंग्यासारखी रुंदावली, पाहिजेत आणि व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली पाहिजे. पंप न आणता आलेल्या माणसाला परत पाठवलेलं बरं. ओल आत राहिली की दोन-तीन महिन्यांनी कॉम्प्रेसरचं काम निघतं. बाहेरच्या युनिटचा लोखंडी स्टँड समुद्राच्या हवेने गंजलेला असेल तर नवा घ्या. तो पदपथाच्या वर टांगला जातो, तिथे काटकसर नको.

फ्रिज आदल्या रात्री बंद करा, दार उघडं ठेवा, मागची पाण्याची ट्रे ओता. गाडीत उभाच हवा. आडवा न्यावाच लागला, तर नव्या घरी उभा करून चार-सहा तासांनी चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली बसतं. फ्रंट लोड मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट लावून ड्रम बांधायचा. बोल्ट न लावता नेलं तर ड्रमचे स्प्रिंग जातात आणि बोल्ट न काढता चालवलं तर मशीन खोलीभर चालत फिरतं.

टेम्पो आणि लिफ्ट

छोट्या हत्तीत सामान मावतं ते एक आरके, फार तर तुटपुंजा वन बीएचके. टू बीएचकेला चौदा फुटी गाडी सांगा. दोन फेऱ्यांचा हिशेब करणारे बहुतेक वेळा ट्रॅफिकमध्ये फसतात. जड वाहनांना दिवसा काही तासांत बंदी असते, ती वेळ टेम्पोवाल्याकडून पक्की करून घ्या. भाव सांगण्याआधी त्याला तीन गोष्टी लेखी, म्हणजे मेसेजवर, द्या: दोन्हीकडचे मजले, लिफ्ट सामानाला चालते की नाही, आणि गाडी गेटपासून किती लांब उभी राहील. भांडण नेहमी याच तिघांवरून होतं.

सोसायटीत सामान हलवायची वेळ आणि लिफ्टची अनामत विचारा. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली तिरपी उंची मोजून घ्या. साडेसहा फुटी लोखंडी कपाट बऱ्याच लिफ्टमध्ये उभं जात नाही आणि जिन्याच्या वळणावर अडतं. मग ते दोरांनी बाहेरून चढवायचं, त्याचे पैसे वेगळे. पुस्तकं लहान खोक्यात भरा, पंधरा किलोवर नको. ताटल्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की तळातल्या फुटतात. पलंगाचे नटबोल्ट पिशवीत घालून त्याच पलंगाच्या पाटीला चिकटवा. जून ते सप्टेंबरमध्ये ताडपत्री टेम्पोवाला आणणार की तुम्ही, तेही ठरवा.

कागद

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. दरमहा ३०,००० भाडं, एक लाख अनामत आणि अकरा महिने धरले तर साधारण साडेआठशे रुपये, वर नोंदणीचे १,०००. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना ऑनलाइन द्यायची असते, पावतीची प्रत मागा. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८. इंटरनेटवाल्याला चार-पाच दिवस आधी कळवा आणि नव्या इमारतीत त्याची तार पोचते का ते विचारा.

जुन्या घरातून निघताना

गॅसचा व्हॉल्व्ह बंद, मेन बंद, दोन्ही मीटरचे फोटो, राउटर परत दिल्याची पावती. ‘शेवटचं बिल येऊ दे, मग अनामत देतो’ असं मालक म्हणाला तर मागचं बिल काढा. त्यातल्या शेवटच्या रीडिंगपासून आजच्या रीडिंगपर्यंतची युनिटं मोजा. मागच्या बिलाची रक्कम भागिले त्यातली युनिटं, हा दर काढा, त्याने गुणा, वर थोडी रक्कम जास्त धरा. तेवढी वळती करून बाकीची अनामत चावी देतानाच घ्या, आणि हा हिशेब दोघांनी मेसेजवर ‘मान्य’ लिहून ठेवा.