खर्तुडीचा वेल बियांपासून कसा करायचा

लहानपणी पाटोद्याकडच्या माळावर शेरडं राखताना आम्ही खर्तुडीचे गड्डे उकरून खायचो. कच्चेच, परकराला पुसून. आता तो वेल हुडकायला अर्धा दिवस जातो. उकरणाऱ्यांत मीही होते, म्हणून आता माळावरच्या गड्ड्याला हात लावत नाही. वेल करायचा तो बियांचा.

श्रावण-भादव्यात बोरीच्या, हेंकळीच्या जाळीत बघा. उघड्यावरचा शेरडांनी ठेवलेला नसतो. पानांवर जाऊ नका. एका वेलाची पानं गोल, जाडसर, तर दुसऱ्याची गवतासारखी निमुळती, जात मात्र एकच. रॉक्सबर्ग या वनस्पतीतज्ज्ञ साहेबानं १७९५ साली तिला शास्त्रीय नाव दिलं तेही गड्ड्यावरूनच, सेरोपेजिया बल्बोसा, म्हणजे गड्डेवाली. खरी ओळख फुलाची. इंचभराचं, बुडाशी फुगीर, वर नळी, नळीच्या तोंडाशी पाच जांभळट पाकळ्या शेंड्याला एकमेकींना चिकटलेल्या. अगदी कंदील. गळून पडलेलं एखादं फूल ब्लेडनं उभं चिरून बघा. नळीत आतून खाली वळलेले केस असतात, त्यामुळं चिलटाएवढी माशी आत जाते पण परत फिरता येत नाही. केस सुकले की ती परागाचं गाठोडं घेऊन सुटते आणि दुसऱ्या कंदिलात शिरते. म्हणून घरी एकच वेल लावून शेंगेची वाट बघू नका, चार-पाच तरी लावा.

शेंगा जोडीनं येतात, बारीक शिंगांसारख्या. खर्तुडी रुईच्या भावकीतली, तेव्हा शेंग तडकली की बिया रेशमी म्हाताऱ्या होऊन उडाल्याच. शेंग पिवळी पडायला लागली की जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सैल बांधायची. एकदा मी ‘उद्या बांधू’ म्हटलं. सकाळी नुसती टरफलं. आणि सगळ्या शेंगा घेऊ नका, माळाचा वाटा माळाला.

कुंडीत दोन वाटे मुरूम, एक वाटा वाळू, मूठभर पालापाचोळ्याचं खत. काळी माती नको, पाणी धरते. म्हातारी चिमटीनं काढून बी आडवं ठेवा, वर माती नुसती भुरभुरवा. कोंब वर आला की तुराटी खोचा, पुढचं तो बघतो.

हिवाळ्यात वेल वाळून जातो, आणि इथंच माणूस फसतं. गड्डा खाली झोपलेला असतो, त्याला पाणी अजिबात नको. पहिल्या साली मला कीव आली, उन्हाळाभर रोज तांब्याभर घातलं. मृगात उकरलं तर हाताला पिठलं लागलं.

दोन पावसाळे कुंडीत काढले की तिसऱ्या मृगाआधी गड्डा माळावर न्यायचा. बोरीच्या बुडात, चार बोटं खोल, वर खुणेचा दगड. मी पाच लावले. एक साळिंदरानं नेला, दोन वर आलेच नाहीत. दोघांना औंदा फूल धरलं. कुठं, ते नातवालासुद्धा सांगितलेलं नाही.