सासऱ्यांचा बंद पडलेला गार्डन ट्रॅक्टर परत चालू कसा करायचा

घरातल्या कुणाचा जुना गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे खाली पातं असलेला गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर, आपल्याकडे आला की हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो, माझाही गेला होता. सासऱ्यांचा ट्रॅक्टर शेडमध्ये अकरा वर्षं उभा होता आणि मी पहिल्याच रविवारी पॉलिश पेपर घेऊन बॉनेट घासायला बसलो, नंतर इंजिन खोलताना त्याच बॉनेटवर ऑइल सांडलं, पाने आपटले, सगळी मेहनत वाया. म्हणून आधी इंजिन, मग ब्रेक आणि पट्टा, रंग सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला फक्त फोटो काढा. प्रत्येक वायर, स्प्रिंग, लिंक कुठून कुठे जाते ते सगळ्या बाजूंनी. कार्ब्युरेटरच्या गव्हर्नर स्प्रिंगचे (इंजिनचा वेग आवरणारी स्प्रिंग) तर चार फोटो घ्या, ती चुकीच्या भोकात अडकवली की इंजिन एकतर रडतं नाहीतर भन्नाट पळतं. इंजिनवरचा मॉडेल नंबरही लिहून ठेवा. ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि इंजिन दुसऱ्याच कंपनीचं असं खूपदा असतं, आणि पार्ट इंजिनच्या नंबरवरच मिळतात.

आता बॅटरी काढा, निगेटिव्ह वायर आधी. आणि कितीही मोह झाला तरी लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे गंज सोडवणारं पातळ ऑइल सिलेंडरमध्ये टाका आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) हाताने हलवून बघा. हललं तर उत्तम, नाही हललं तर परत ऑइल, परत वाट बघणं, रोज थोडं मागे थोडं पुढे. माझं नवव्या दिवशी अर्धा इंच सरकलं आणि मी शेडमध्ये एकटाच ओरडलो. हातोडा मात्र नको, फ्लायव्हीलची पाती ओतीव असतात, एका ठोक्यात तुटतात.

इंजिन फिरायला लागलं की फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं कव्हर उघडाच. ही पायरी बरेच जण सोडतात आणि तिथेच फसतात. या इंजिनांमध्ये बहुतेक वेळा पाणी नसतं, फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो आणि ती सिलेंडरच्या पात्यांमधून जाते तेवढंच काय ते कूलिंग. उंदरांना ही जागा फार आवडते. आमच्याकडे गवत, चिंध्या आणि सीटचा फोम असा मुठी-मुठीने निघाला, तसंच चालू केलं असतं तर तापून परत जाम झालं असतं.

मग करंट. प्लगला वायर लावून प्लगची बॉडी इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ निघत असते, आणि इंजिन फिरवून ठिणगी बघा. नसेल तर जुन्या इंजिनात पहिला संशय पॉइंटवर घ्यायचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या छोट्या संपर्कांवर. नुसतं उभं राहूनही पॉइंटवर काळपट थर चढतो, बारीक पेपरने घासा, पुसा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप लावा, साधारण 0.5 मिमी. प्लगचा गॅप बऱ्याच इंजिनांना 0.76 मिमी चालतो, तरी मॅन्युअल मिळालं तर त्यातलाच धरा. तरीही करंट नाही? सीटखालचा, क्लचचा आणि पात्याचा सेफ्टी स्विच तपासा, त्यातला एक जरी खराब असला तरी ट्रॅक्टर गप्प बसतो. तपासणीपुरती वायर काढली तर परत लावा, कायमचा बायपास करू नका, खाली पातं फिरतंय.

जुन्या पेट्रोलचा वास वार्निशसारखा येतो आणि तेच कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकटून बसतं. पूर्ण खोला, क्लीनर मारा, भोकं तांब्याच्या बारीक तारेने मोकळी करा, स्टीलची तार घातली तर जेट मोठं होतं आणि मिक्श्चर बिघडतं. टाकी आतून गंजली असेल तर त्यात मूठभर नट आणि व्हिनेगर घालून हलवा, रात्रभर ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून अगदी कोरडी करा. पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर सरळ नवे टाका, इथे कंजूषी नको.

इंजिन ऑइल बदला, बॅटरी चार्ज करा (12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवी) आणि ट्रॅक्टर उघड्यावर आणून चालू करा, बंद शेडमध्ये अजिबात नाही. पहिली काही मिनिटं धूर निघेल, घाबरू नका, आपणच ओतलेलं ऑइल जळतंय. तासाभराच्या कामानंतर ऑइल परत बदला, आतला गाळ त्यात उतरलेला असतो.

पट्टा घेताना जुन्याचा नंबर बघून तोच घ्या, गाडीचा साधा पट्टा मापाला बसला तरी क्लचच्या घसटीला टिकत नाही. ब्रेक आधी उतार नसलेल्या जागी तपासा. पातं धार लावल्यावर खिळ्यावर मधोमध अडकवा, एक बाजू खाली गेली तर त्याच बाजूचं थोडं घासा.

आणि आता रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावून पेपर ओला करून घासा. सासऱ्यांनी क्लचच्या दांड्याला तारेचे सात वेढे घालून ठेवले होते, मी ते जुगाड समजून कापणार होतो, मग कळलं की खालचे आटे गेलेत आणि दांडा त्या तारेवरच तग धरून होता. नवा बोल्ट टाकला, आटे परत पाडले. तार पुसून टूलबॉक्समध्ये ठेवली आहे, सीट मात्र अजून फाटकीच आहे.