फिशटँकच्या पाइपला प्रायमर लावायचा का? माझा अनुभव

परभणीत, भर मे महिन्यात, गच्चीवर बसून फिशटँकच्या संपची (टाकीखालच्या, पाणी गाळायच्या दुसऱ्या टाकीची) पाइपलाइन जोडली. इथंच चुकलं. पंपाकडच्या एल्बोतून (काटकोनी जोडातून) थेंब थेंब गळायला लागलं. खाली ठेवलेलं ताट रात्रीतून भरायचं. प्लंबरमामा म्हणाले, "प्रायमर कशाला? सोल्युशन भरपूर लावा की!" तेच तर केलं होतं; प्रायमर (पाइप जोडायच्या सोल्युशनआधी लावायचं, पाइप साफ आणि मऊ करणारं द्रव) लावलाच नव्हता.

शेवटी जोड करवतीनं उभा चिरला. आत एका बाजूला सोल्युशनचा पापुद्रा नुसताच वाळलेला, नखानं निघाला. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाइपचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ करून दोन्ही तुकडे एकजीव करतं. उन्हात पाइप आत जाईपर्यंत ते सुकून गेलं होतं.

दुसऱ्यांदा सकाळी सहाला, घरात बसलो. कडेचा भुसा पॉलिश पेपरनं काढला, प्रायमर फिरवला, तो ओला असतानाच दोन्हीकडं सोल्युशन लावलं, पाइप पाव फेरा फिरवत आत दाबला आणि तीस आकडे मोजले. २४ तास हात लावला नाही. मग दोनदा पाणी खेळवून फेकलं (आमच्याकडं पाणी फेकताना जीव तुटतो), वास गेल्यावरच मासे सोडले.

संपात नुसत्या उतारानं पाणी सोडणाऱ्या पाइपला मात्र प्रायमर लावला नव्हता. तो जोड अजून कोरडा आहे.